दोरीच्या टोकाला

शंबे बिन पीरदाद गेला
मंगळवारी, पहाटेच्या बांगेआधी.
खाबूराहून समुद्राकडे उतरणाऱ्या वाटेवर त्याची बाग :
एकशे दहा खजुरी, लिंबांच्या चार ओळी
(आता दीडच)
आणि लसूणघासाचे वाफे,
ज्यांना तो लेकरांसारखा ओरडायचा.

मी त्याचा पंपवाला. सांगोल्याचा.
माझं नाव एकवीस वर्षांत त्याच्या जिभेवर बसलं नाही.
'मकीना,' म्हणायचा फोनवर, 'ये, मकीना आजारी आहे.'
म्हणजे इंजिनही मकीना, मीही मकीना.
एकाला डिझेल, एकाला काळा चहा.

लढाईचं बोलत नसे.
गुडघ्यात दोन कपचे राहिले होते, जानेवारीत ठणकत.
तेव्हा पायरीवर बसून तेल चोळताना म्हणायचा :
दक्षिणेच्या डोंगरात तीन महिने धुकं,
हाताला हात दिसत नसे,
सदरा पिळला तर पाणी गळायचं,
आणि प्यायला माणशी एक बाटली.
'पाण्यात उभं राहून तहानलो, मकीना.'
एवढंच.
कोण पडलं, कुणी पाडलं, मी विचारलं नाही.
तोवर त्यानं कोयता उचललेला असायचा.

फौजेच्या पैशातून विहीर खणली, स्वतः आत उतरून.
वर नाझबीबी, पोटुशी, मातीच्या पाट्या ओढत.
ती गेली त्या वर्षी मी नवीन होतो.
पोरं मस्कतला : एक बँकेत, एक विमानतळावर.
शुक्रवारी यायची, पांढरेशुभ्र झगे उचलून
बांधावरून चालायची, बगळ्यांसारखी.
तो वाफ्यातूनच हात हलवायचा.

रोज सकाळी पहिली ओंजळ तोंडात धरायचा,
गाल फिरवायचा, थुंकायचा.
'आज समुद्र एक पाऊल आत आलाय.'
आमच्याकडेही पाणी खालीच जातं, मी म्हणायचो,
पण गोड तरी असतं.
त्यावर हसायचा. दात नव्हते फारसे.
लिंबं आधी गेली. त्यानंच तोडली,
दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही.

तिसऱ्या दिवशी त्याच्या पलटणीतला म्हातारा अंमलदार आला,
काठी टेकत, सोबत नातू.
कॉफीचा दुसरा पेला हलवून परत दिला आणि म्हणाला,
'त्याचं पदक बघू या.'
पोरांनी पेटी उपसली :
फौजेचे कागद, आईची चांदीची कडी,
दुधाच्या डब्यात बी, डब्यावर कोळशानं तारीख.
पदक नाही.
थोरल्या याकूबचा चेहरा उतरला.

मला ठाऊक होतं.
विहिरीच्या कडेला खुंटीवर दोरी होती,
रमजान सरला की दरसाल तो ती आत सोडायचा.
टोक पाण्याला लागलं की दोरी सैल पडे.
तिथं गाठ.
टोकाला वजन म्हणून काय बांधलंय
हे मी पहिल्याच वर्षी पाहिलं होतं,
बोललो नव्हतो.

अंमलदारानं अंगठ्यानं पुसलं.
हिरवं पडलेलं, खाऱ्यानं खाल्लेलं,
त्यावर काय कोरलं होतं ते आता कुणालाच वाचता येईना.
तो रागवेल असं वाटलं.
त्यानं दोरी हातात घेतली, गाठी चाचपल्या,
एक, मग तिच्याखालची, मग तिच्याखालची,
आणि विचारलं, 'आता किती?'

याकूब माझ्याकडे बघायला लागला.
मी म्हटलं, सोड.
त्यानं बाही वर केली. पदक खाली गेलं,
बराच वेळ जातच राहिलं.
मग खालून एक बारीकसा आवाज.
हातानं मोजत त्यानं दोरी ओढली, बापासारखी,
त्यांचं माप आणि आमचं माप एकच, हात :
'सत्तावीस. आणि चार बोटं.'

गाठ मात्र त्याला मारता येईना,
ओली दोरी निसटत होती.
अंमलदार काही बोलला नाही, नातू काठी धरून उभा.
तीन दिवसांचा लसूणघास माना टाकून पडला होता.
मी पंपाकडे गेलो.